दिवाळं कुणाचं?

'दिवाळखोर' ही आपल्याकडे जवळजवळ शिवीच. त्यामुळे अमेरिकेतला दिवाळखोरीचा कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा नवलच वाटलं. कोर्टात अर्ज दाखल झाला, की त्याच क्षणापासून 'ऑटोमॅटिक स्टे' लागू. वसुलीचे फोन, पैशांचे दावे, पगारातून होणारी वसुली, घराचा लिलाव... निदान तेवढ्यापुरतं सगळं थांबतं. (मुलांची पोटगी आणि फौजदारी खटले मात्र थांबत नाहीत. बरंच आहे!) बदल्यात आपली सगळी मिळकत आणि सगळी देणी कोर्टापुढे मांडावी लागतात. दवाखान्याच्या बिलांनी पिचलेल्या माणसाला एवढी उसंत मिळायलाच हवी, असं माझं मत. त्यात लाज कसली?

मला खटकतं ते वेगळंच. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरमुळे कॅन्सर झाला, असे हजारो दावे होते. कंपनीने आरोप नाकारले. पण २०२१ मध्ये तिने एक नवी कंपनी काढली, सगळे दावे तिच्या गळ्यात घातले आणि दोनच दिवसांत तिच्या दिवाळखोरीचा अर्ज केला. मूळ कंपनी ठणठणीत, दावे मात्र ठप्प! कोर्टांनी २०२३ मध्ये दोनदा आणि २०२५ मध्ये तिसऱ्यांदा हा डाव मोडला. पण आजारी माणसाची मधली वर्षं कोण परत देणार?

ज्याने आपली वही पूर्ण उघडली, त्यालाच हा आसरा मिळावा. भरल्या तिजोरीवर बसून दिवाळं काढणाऱ्याला नको. ती शिवी द्यायचीच, तर त्याला द्यावी.