हाती चाक, कानी भ्रमणध्वनी

म्हापशाहून पणजीला येणाऱ्या रस्त्याच्या कडेला सकाळी नऊच्या सुमारास कोणीही घटकाभर उभे राहून पाहावे. एखादा दुचाकीस्वार मान वाकडी करून जाताना दिसेल. मान लचकली म्हणून नव्हे, तर कान आणि खांदा यांच्या चिमट्यात त्याने भ्रमणध्वनी धरला आहे म्हणून. दुसऱ्याने तो शिरस्त्राणातच कोंबलेला असतो. म्हणजे शिर वाचविण्यासाठी जे घातले, त्यातच शिर गमावण्याची तजवीज! मोटारीतले सुविद्य गृहस्थ एका हाताने चाक सांभाळीत दुसऱ्या हाताने मांडीवरच्या पडद्यावर काही टिपीत असतात. आणि ज्याच्या भरवशावर चाळीस-पन्नास माणसे निर्धास्त बसली आहेत, असा एखादा बसचालकही कोणाशी तरी हसतखिदळत बोलत असतो. या दृश्याचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे, ही त्याहून चिंतेची गोष्ट होय.

साधा हिशेब मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. आलेला निरोप वाचण्यास पाच सेकंद लागले, तर तेवढ्या अवधीत वाहन ८० मीटरांहून अधिक पुढे गेलेले असते, आणि तेही चालक डोळे मिटून बसल्यासारखे. सरळसोट महामार्गावरही हे धोक्याचे; मग आमच्या गावागावांतून जाणाऱ्या, चिऱ्यांच्या कुंपणांमधून वळणे घेणाऱ्या अरुंद रस्त्यांची कथा काय? तेथे प्रत्येक वळणाआड शाळेतून परतणारी मुले असू शकतात, बसलेली गुरे असू शकतात, वा मध्यावरून येणारे दुसरे वाहन. चोर्ला आणि अनमोड घाटांत, पावसाळ्यातल्या धुक्यात, तर क्षणभराची बेसावधीही पुरेशी ठरते.

यावर एक ठराविक उत्तर मिळते: ‘आम्ही हातात धरीत नाही, कानात तार घालून बोलतो.’ हा समज खोटा आहे. १९९७ साली कॅनडातील टोरांटो येथे दोघा संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या दूरध्वनी नोंदी तपासल्या, तेव्हा संभाषणाच्या काळात अपघाताची शक्यता सुमारे चौपट वाढते असे त्यांना आढळले. आणि हात मोकळे असल्याने ती कमी होते, असे काही दिसले नाही. कारण उघड आहे. गुंततो तो हात नव्हे, चित्त गुंतते. शेजारी बसलेला सोबती बोलत असला तरी समोरचा रस्ता त्यालाही दिसतो. वळण आले, ट्रक अंगावर आला की तो आपोआप गप्प होतो. मुंबईहून वा मस्कतहून बोलणाऱ्याला ते वळण कसे दिसावे?

कायद्याची उणीव आहे, असे म्हणण्यास जागा नाही. २०१९ साली मोटारवाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने वाहन चालविताना हाती भ्रमणध्वनी वापरणे हे ‘धोकादायक चालविणे’ ठरविले आणि पहिल्याच गुन्ह्यास एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा दोन्हीही, अशी तरतूद केली. त्यापूर्वी २०१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असे राज्यांना बजावले होते. प्रत्यक्षात पावती फाडली की प्रकरण मिटते. ज्याच्या हाती तीस-चाळीस हजारांचे यंत्र आहे, त्याला हजार रुपयांचे काय? त्याला झोंबेल तो परवाना, तीन महिने बसने हिंडण्याची पाळी.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील भ्रमणध्वनीमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण सरकारी तक्त्यात दोन टक्क्यांच्या आसपास दिसते. आमचा त्यावर विश्वास नाही. पंचनाम्यात चाकांच्या खुणा येतात, फुटलेल्या काचा येतात. खिशात परत गेलेला भ्रमणध्वनी येत नाही. मग ‘अतिवेग व हयगय’ हे तयार शब्द लिहिले जातात. प्राणघातक अपघातानंतर चालकाच्या दूरध्वनीची त्या वेळची नोंद मागविणे पोलिसांनी नित्याचे करावे; खरे आकडे तेव्हाच कळतील.

मात्र सारा दोष चालकाच्या माथी मारून इतरांना मोकळे होता येणार नाही. फोन घेणारा दिसतो, करणारा दिसत नाही. ‘कुठे पोहोचलास?’ हे विचारणारी माय काळजीपोटी विचारते, आणि उत्तर मिळाले नाही तर पुनःपुन्हा विचारते. कचेरीतला वरिष्ठ, ट्रकचा मालक, आणि (कबूल केले पाहिजे) बातमीसाठी वार्ताहराच्या पाठी लागणारे आम्ही वृत्तपत्रवालेही यांत आलो. घरोघरी जेवण पोहोचविणाऱ्या तरुणांची तर रोजीच त्या पडद्यावर चालते. नवी मागणी येते, ती स्वीकारण्यास क्षण मोजून मिळतात, आणि ते क्षण बहुधा दुचाकीवरच सरतात. धावत्या वाहनावरील माणसाला मागणी धाडू नये, हे बंधन त्या कंपन्यांवर घालण्यास शासनाला कोणी अडविले आहे?

पर्यटकांचे निराळे. मार्ग शोधण्यापुरता भ्रमणध्वनी वापरण्याची मुभा २०२० पासून नियमांतच आहे, पण चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने. भाड्याची दुचाकी घेऊन कळंगुट-हणजुणच्या रस्त्यांवर एका हाताने नकाशा धरून चालविणारा त्या अटीत बसत नाही. दुचाकी भाड्याने देणाऱ्यांनी तिच्यावर भ्रमणध्वनीची घट्ट पकड बसविल्याविना ती देऊ नये, आणि परवान्याच्या नूतनीकरणावेळी परिवहन खात्याने ती तपासावी. खर्च दोन-तीनशे रुपयांचा आहे. बसचालकांबाबत त्याहून सोपा उपाय आहे: फेरी सुरू होताना भ्रमणध्वनी वाहकाकडे द्यावा आणि शेवटच्या थांब्यावर परत घ्यावा. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक बसच्या परवान्यात ही अट येत्या पावसाळ्यापूर्वी घालता येईल.