गावपण मिळाले, रान कोणाचे?

कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळी तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेला भिडलेल्या कोंचावरमच्या डोंगराळ पट्ट्यात लमाणी समाजाचे तांडे आहेत. वस्ती नांदती, पण महसुली दप्तरात अशा तांड्यांना दीर्घकाळ स्वतःचे नाव नव्हते. ते शेजारच्या मूळ गावाचा भाग गणले जात.

19 जानेवारी 2023 रोजी राष्ट्रकूटांच्या जुन्या राजधानीत, सेडम तालुक्यातील मळखेड येथे, पंतप्रधानांच्या हस्ते 50 हजारांहून अधिक लाभार्थ्यांसाठी हक्कपत्रांचे वाटप झाले. कलबुर्गी, बिदर, यादगीर, रायचूर व विजयपूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे 1,475 नोंद नसलेल्या वस्त्या महसुली गावे ठरल्या. निवडणुका चार महिन्यांवर होत्या, हे खरे. तरीही घराखालची जागा नावावर होणे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र हक्कपत्र उंबरठ्यापाशी संपते. चिंचोळीचे वनक्षेत्र 2011 मध्ये अभयारण्य झाले आणि रानातल्या कसवणुकीचा प्रश्न वनहक्क कायद्याच्या दारात गेला. 2006 चा हा कायदा अनुसूचित जमातीच्या दावेदाराकडून 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा मागतो. इतरांकडून त्या तारखेआधी तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. कर्नाटकात तोच समाज अनुसूचित जातीत. त्यामुळे डोंगराच्या पलीकडच्या उतारावर 2005 चा पुरावा चालतो, अलीकडच्या उतारावर 1930 पर्यंत मागे जावे लागते. तेव्हा येथे निजामाचे राज्य होते आणि तांड्याची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली असेल, हा प्रश्नच आहे. नियमांनी वृद्धांची साक्ष ग्राह्य धरली आहे. पण 1930 डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणायचा कुठून?

बिदरच्या औराद, भालकी भागातील तांड्यांना तिसरी तऱ्हा ठाऊक आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात त्यांचे सोयरे विमुक्त जातींत मोडतात. मराठा आरक्षणासाठी सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेल्यानंतर तेथील बंजारा समाजानेही त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. धनगरांची अशीच मागणी वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या गोव्याला हा पेच अनोळखी नाही. बिदर आणि गुलबर्गाही 1956 पर्यंत त्याच हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्रात तो आधार मान्य झाला, तर या तांड्यांतूनही तोच कागद पुढे केला जाईल. कर्नाटकात मात्र तो अनुसूचित जातीतील आजच्या स्थानाशी तोलून पाहावा लागेल.