दोन इंच लिफ्ट की चांगले शॉकअप? मालवणला येणाऱ्या फोर-बाय-फोरसाठी सस्पेन्शनचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. शॉकअपसारख्या भागांवर त्याआधी २८ टक्के लागायचा. म्हणजे मूळ किंमत ५०,००० रुपये असलेला सेट आधी ६४,००० ला पडत होता, तर आता ५९,००० ला पडतो. पाच हजारांचा फरक. थार, जिम्नी, गुरखा घेतलेल्यांच्या फीडमध्ये सस्पेन्शन किटच्या रील्स तशाही येतच होत्या, आता त्यांना 'स्वस्त झालं' हे कारणही मिळालंय. गाडी दोन इंच वर उचललेली, मागे तारकर्लीचा समुद्र आणि खाली किटची लिंक!

प्रश्न असा आहे की मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरहून सिंधुदुर्गात फिरायला येणाऱ्या, किंवा इथेच राहणाऱ्या माणसाला यातलं नेमकं काय लागतं? थोडक्यात उत्तर असं: आपल्याकडे विकली जाणारी बरीचशी महागडी किट ऑस्ट्रेलियासारख्या देशांतल्या अडचणींसाठी बनलेली आहेत. कोकणातल्या अडचणी वेगळ्या आहेत. इथे मुद्दा वजन, खड्डे आणि खाऱ्या वाऱ्याचा आहे. उंचीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

आधी दोन कामं वेगळी करू

'सस्पेन्शन' म्हटलं की लोक सगळं एकत्र धरतात. पण त्यात दोन वेगळी कामं आहेत.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. थार, जिम्नी, फॉर्च्युनर, गुरखा यांच्यात मागे गोल कॉइल स्प्रिंग आहे. हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉससारख्या पिकअपना मागे पाटे असतात.

शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंग दाबते, सुटते, पुन्हा दाबते. ती नाचत राहू नये म्हणून शॉकअप तिला थांबवतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगमधली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

यावरून रोगाचं निदान सोपं होतं. सामान भरल्यावर गाडी मागून बसत असेल, तर प्रश्न वजनाचा किंवा स्प्रिंगचा आहे. खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत असेल, तर शॉकअप थकलाय. वळणावर कटकट आवाज येत असेल, तर आधी बुश आणि बॉल जॉइंट तपासा. हजारभराच्या बुशचा आजार घालवायला पूर्ण किट घेणारे लोक कमी नाहीत.

"खंय जातंस?"

किट निवडताना पहिला प्रश्न हाच, अगदी मालवणीतला. सिंधुदुर्गात गाडी चार प्रकारच्या रस्त्यांवर जाते.

पहिला म्हणजे महामार्ग ६६. खारेपाटण ते झाराप हा जिल्ह्यातला टप्पा चौपदरी झालाय. इथे कंपनीचं सस्पेन्शन पुरेसं आहे.

दुसरे घाट: आंबोली, फोंडा, करूळ. इथे उंची नाही, वळणावरचा तोल महत्त्वाचा. पावसाळ्यात धुकं आणि ओला रस्ता असताना तर जास्तच.

तिसरे गावातले अरुंद रस्ते, पाणंदी आणि जांभ्याचे सडे. खड्डे, टोकदार चिरे, लाल चिखल. इथे चांगला शॉकअप आणि मजबूत टायर यांचा खरा उपयोग होतो.

चौथी वाळू. वाळूत गाडी रुतते ती टायरमधल्या जास्त हवेमुळे आणि वजनामुळे. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. त्यात लिफ्टचा वाटा नगण्य आहे. जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्र्याजवळ रीलसाठी पाण्यात घातलेल्या दोन थार अडकल्या आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, हे अनेकांनी पाहिलंच असेल. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक कारण आहे. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि वाळूखालचं घरटं ड्रायव्हरला दिसत नाही. त्यामुळे किनाऱ्यावर गाडी घालायचा बेतच नको. तो खर्च यादीतून काढून टाका.

वजनाचं गणित

समजा मागची प्रत्येक स्प्रिंग ३ किलोला १ मिलिमीटर दाबते. दोन्ही मिळून ६ किलोला १ मिलिमीटर. मागच्या चाकांवर १२० किलो वाढले, तर गाडी २० मिलिमीटर बसेल. २४० किलो वाढले तर ४०. चतुर्थीला मुंबईहून पाच माणसं, बॅगा, मखराचं सामान, आणि परतताना तांदूळ, नारळ, आंब्याच्या दिवसांत पेट्या. हा आकडा गाठणं अजिबात अवघड नाही.

मग सरळ कडक स्प्रिंग टाकायची का? इथेच बरेच जण फसतात. जास्त वजनासाठी बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीत नीट दाबतच नाही. खड्ड्यावर चाक उसळतं, रस्ता सोडतं, आणि रस्ता सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण मिळतं. वर्षातले ३४० दिवस एकट्याने चालवायची गाडी २५ दिवसांच्या वजनासाठी कडक करणं हा तोट्याचा सौदा आहे.

नियम साधा ठेवा. लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू असं वजन गाडीवर कायम असेल, तरच स्प्रिंग बदला, आणि त्या वजनाच्या हिशोबानेच बदला. वजन कधीतरीच असेल, तर मूळ स्प्रिंग ठेवून चांगले शॉकअप घ्या. कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवीही मिळते. ओझं असताना हवा भरायची, नसताना सोडायची.

वजन अंदाजाने धरू नका. चिरेखाणी आणि वखारींच्या परिसरात वजनकाटे असतात. प्रवासाला निघताना जशी भरता तशी गाडी भरून एकदा काट्यावर घ्या. पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजून घ्या. ती पावती दाखवल्याशिवाय स्प्रिंग विकत घेऊच नका. आणि एक लक्षात असू द्या: स्प्रिंग कडक केली म्हणून आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. ऑस्ट्रेलियात प्रमाणित किट लावून ती मर्यादा कायदेशीर वाढवून घेता येते, म्हणून तिथले व्हिडिओ तसं बोलतात. ते वाक्य इथे लागू होत नाही.

शॉकअप कोणता?

ट्विन-ट्यूबमध्ये दोन नळ्या असतात. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला, तरी आतला पिस्टन सहसा चालत राहतो. फिरणीही मऊ. फोम-सेल हा त्याचाच भाऊ. तेलात हवेचे बुडबुडे होऊ नयेत म्हणून वायूऐवजी फोम वापरलेला.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी आणि जास्त दाबाचा नायट्रोजन. तो लवकर थंड होतो, चटकन प्रतिसाद देतो. पण नळीला खोल पोचा पडला की पिस्टन अडकू शकतो.

बाहेर वेगळी टाकी असलेले महागडे शॉकअप यापुढची पायरी. ते शेकडो किलोमीटर सलग, वेगात, पन्हाळी पत्र्यासारख्या मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. तिथे तेल प्रचंड तापतं. आपल्याकडे खराब पट्टा सहसा काही किलोमीटरचा असतो आणि आपण तो हळू पार करतो. आंबोली उतरताना तापतात ते ब्रेक, शॉकअप नव्हे. त्या टाकीचे पैसे इथे वसूल होणं कठीण.

कंपनीने आधीच काय दिलंय तेही पाहा. महिंद्राने स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्समध्ये खड्ड्यांच्या थरथरीनुसार कडकपणा बदलणारं तंत्र वापरलंय. ते काढून साधा 'हेवी ड्युटी' शॉकअप लावणं म्हणजे पैसे देऊन मागे जाणं ठरू शकतं.

लिफ्टचं खरं बिल

जिम्नीचे दोन्ही आणि थारचा मागचा एक्सल सलग, एकसंध आहेत. मधला डिफरन्शिअलचा गोळा चाकांच्या उंचीवरच राहतो. दोन इंच उंच स्प्रिंग लावली की बॉडी वर जाते, पण तो गोळा जिथे होता तिथेच. चिऱ्याला तो लागायचा तर लागणारच. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर, आणि तोही अर्धाच: टायरचा व्यास ५ सेंटिमीटर वाढला, तर गोळा अडीच सेंटिमीटर वर जातो. बॉडीचा पुढचा-मागचा भाग आणि पोट मात्र लिफ्टने नक्की उंच होतं.

आता तोल. चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे गाडी उलटण्याच्या धोक्याचं ढोबळ माप आहे. अंतर १.५ मीटर आणि उंची ०.७५ धरली तर उत्तर १ येतं. उंची ५ सेंटिमीटर वाढवा, उत्तर ०.९४. सहा टक्के तोल गेला, तोही छतावर सामान टाकण्याआधी. शिवाय चाकांचे कोन बदलतात. जिम्नीसारख्या गाडीत स्टिअरिंग वेगात भटकल्यासारखं वाटू शकतं. म्हणून लिफ्टनंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन नीट करून घेणं आलंच.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. कलम १८२-ए(४) नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा चांगला शॉकअप टाकणं ही दुरुस्ती आहे. गाडी उचलणं ही वेगळी गोष्ट. अपघातानंतर विमा कंपनीने हाच प्रश्न विचारला तर उत्तर काय द्यायचं, हे लिफ्टच्या आधी ठरवा. एमएच-०७ असो वा दुसरा नंबर, आपल्या आरटीओत आधी लेखी विचारा.

रीलमध्ये न दिसणारा शत्रू

मालवण, देवबाग, आचरा इथे गाडी रात्रभर उभी राहिली तरी खारा वारा तिच्या खाली शिरतो. स्प्रिंगवरचा रंग खडी लागून उडतो, तिथे गंज धरतो आणि तिथूनच पुढे स्प्रिंग तडकते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे खड्डे पडले की ते सील कापतात आणि तेल गळतं. त्यामुळे दुकानात 'किती इंच?' विचारण्याआधी विचारा: दांड्यावर लेप कसला? धूळ-पाण्यापासून झाकण आहे का? सील आणि बुश सुटे मिळतात का, आणि कुडाळ-कणकवलीत कोणी बदलून देईल का? ज्याचा बुश बाहेरून मागवून महिनाभर थांबावं लागतं, तो शॉकअप चतुर्थीच्या आठवड्यात काही कामाचा नाही.

घरी परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. खर्च शून्याच्या जवळ, आयुष्य मात्र नक्की वाढतं.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे?

१. टायर आणि हवेचा दाब. एक गेज आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.
२. बुश, बॉल जॉइंट, अलाइनमेंट.
३. मूळ मापाचे चांगले ट्विन-ट्यूब किंवा फोम-सेल शॉकअप, चारही एकदम. निदान एका एक्सलची जोडी.
४. काट्याची पावती सांगत असेल तरच स्प्रिंग.
५. लिफ्ट सगळ्यात शेवटी, लेखी उत्तर हातात आल्यावर.

जीएसटीत वाचलेल्या पाच हजारांत पहिल्या दोन ओळींतलं बरंचसं काम होऊन जातं. तेवढं करून एकदा आंबोली चढून-उतरून या. बऱ्याच जणांना तिसऱ्या ओळीच्या पुढे जावंच लागणार नाही.