मागच्या सीटवरच्या बाईचा विमा

वाहनाचा विमा हा विषय आपल्या शिबिरांत सहसा येत नाही. हुंडा, पोटगी, वारसाहक्क, मारहाण यांवर आपण वर्षानुवर्षे बोलत आलो. गाडी मात्र पुरुषाची, गाडीचे कागद पुरुषाच्या पाकिटात आणि विम्याचा एजंट पुरुषाच्या ओळखीचा, असे गृहीत धरून आपण तो विषय सोडून दिला. अपघात झाल्यावर मात्र विधवा म्हणून, आई म्हणून किंवा स्वतः जखमी म्हणून न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढावे लागते ते बाईलाच. तिथे पोचल्यावर तिला कळते की तिच्या संसाराचे पुढचे वीस वर्षांचे गणित एका घडी घातलेल्या कागदावर अवलंबून होते आणि तो कागद तिने कधी उघडून पाहिलेला नव्हता.

सल्लाकेंद्रात बायका विम्याबद्दल जे प्रश्न विचारतात ते साधे असतात. त्यांची उत्तरे मात्र साधी नाहीत, आणि ती उत्तरे तपासली की आपल्या समाजव्यवस्थेचा चेहरा स्पष्ट दिसतो. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिला प्रश्न असतो, ‘आमच्या गाडीचा विमा आहे, मग मला काही झाले तर पैसे मिळतील ना?’

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार प्रत्येक गाडीला विमा सक्तीचा आहे. पण सक्ती आहे ती फक्त तिऱ्हाइताच्या विम्याची, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘थर्ड पार्टी’ म्हणतो त्याची. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई हा विमा देतो. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसलेली बायको या हिशेबात कुठे बसते? समोरच्या ट्रकच्या चुकीने अपघात झाला असेल तर त्या ट्रकच्या विमा कंपनीने तिला भरपाई द्यायची, हे सरळ आहे. पण नवऱ्याचीच चूक असेल, गाडी घसरली असेल, खड्डा चुकवताना तोल गेला असेल, तर? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की केवळ कायद्याने सक्तीच्या असलेल्या विम्यात मागे बसलेली फुकट प्रवासी येत नाही. मोटारगाडीत बसलेल्यांच्या बाबतीत २०१२ साली त्याच न्यायालयाने फरक स्पष्ट केला. ‘पॅकेज’ किंवा सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर गाडीतली माणसे त्यात येतात, नुसती सक्तीची पॉलिसी असेल तर येत नाहीत.

‘फुकट प्रवासी’ हा शब्द नीट ऐका. नवऱ्याच्या गाडीवर बसून भाजी आणायला, लेकराला दवाखान्यात न्यायला निघालेली बाई कायद्याच्या भाषेत फुकट प्रवासी ठरते. आपल्याकडे मोटारसायकलची पुढची सीट कुणाची आणि मागची कुणाची हे कुणाला सांगावे लागत नाही. जिथे बाई बसते नेमकी तीच जागा सक्तीच्या विम्यातून वगळलेली आहे. हे कुणी कट करून केले असे मी म्हणत नाही. पण कायदा करताना मागच्या सीटवर कोण बसते याचा विचार झाला नाही, एवढे नक्की.

यात आणखी एक मेख आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. शोरूममध्ये त्यासोबत गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा जोडलेला असतो. घरात मात्र ‘पाच वर्षांचा फुल विमा आहे’ असेच बोलले जाते. दुसऱ्या वर्षी तो भाग संपतो, नूतनीकरण राहून जाते आणि उरतो तो फक्त थर्ड पार्टी. तेव्हा घरी जाऊन पॉलिसीवरच्या दोन तारखा वाचा. दोन्ही वेगळ्या असतील.

दुसरा प्रश्न, ‘मी स्वतः चालवते. बाई चालवते म्हणून हप्ता वाढतो का?’

नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या ताकदीवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये आणि १००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला २०९४ रुपये होते, कर वेगळा. गाडीच्या नुकसानीचा दर कंपन्या आपापला ठरवतात. त्यात गाडीची किंमत, तिचे वय, शहर आणि आधी दावा केला होता की नाही हे पाहिले जाते. सलग पाच वर्षे दावा केला नाही तर या भागात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

तेव्हा अडचण दराची नाही, नावाची आहे. कायद्याने गाडीच्या मालकाला १५ लाख रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमा सक्तीचा केला आहे. पण तो मिळतो कुणाला? जिच्या किंवा ज्याच्या नावावर गाडी आहे, जी स्वतः चालवत होती आणि जिच्याकडे परवाना आहे, तिला. स्कूटी बायको चालवते, गाडी नवऱ्याच्या नावावर आहे, ती एकटीच घसरून पडली, तर या १५ लाखांवर तिचा हक्क नाही. तिऱ्हाईत म्हणूनही तिला दावा करता येत नाही, कारण मालकाकडून गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली आणि पुन्हा २०२० साली म्हटले आहे. घर, जमीन, रेशनकार्ड यांवर बाईचे नाव हवे असे आपण म्हणत आलो. त्या यादीत आता गाडीही घाला. जी चालवते तिच्या नावावर गाडी हवी आणि तिच्याकडे पक्का परवाना हवा. मागे बसणाऱ्यांसाठी थोडा जादा हप्ता भरून अपघात विमा जोडता येतो. एजंट आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

तिसरा प्रश्न शेतमजूर बायकांचा आहे. खुरपणीला, कांदा काढणीला, द्राक्षाच्या छाटणीला मुकादम टेम्पो किंवा पिकअप पाठवतो. त्यात पंचवीस-तीस बायका उभ्याने कोंबलेल्या असतात. टेम्पो उलटल्याची बातमी दर हंगामात येते. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात माल, मालासोबतचा त्याचा मालक किंवा प्रतिनिधी आणि गाडीवरचे कामगार येतात. प्रवासी म्हणून बसवलेली माणसे येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट केले. म्हणजे कांद्याच्या गोण्यांबरोबर शेतकरी बसला तर त्याला संरक्षण आहे, तो कांदा काढायला निघालेल्या बाईला नाही. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी पैसे द्यायला लावून नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगतात, पण तो न्यायाधीशाच्या विवेकाचा भाग आहे, हक्क नव्हे. ‘बायकांनी अशा गाडीत बसू नये’ असा उपदेश करणाऱ्यांनी त्या गावाला सकाळी सहा वाजता कोणती एस.टी. जाते ते आधी सांगावे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बाई अपघातात गेली, विमाही लागू आहे, कंपनी पैसे द्यायला बांधील आहे. मग न्यायाधिकरणापुढे प्रश्न येतो की तिची किंमत किती? कायद्याच्या भाषेत, तिचे उत्पन्न किती?

१९९४ साली कायद्याला जे कोष्टक जोडले गेले त्यात उत्पन्न नसलेल्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले होते. पती किंवा पत्नी असेल तर मागे राहिलेल्या जोडीदाराच्या कमाईचा एक तृतीयांश. म्हणजे अधिकाऱ्याच्या बायकोने थापलेल्या भाकरीला जास्त भाव आणि हमालाच्या बायकोने थापलेल्या भाकरीला कमी. श्रम तिचे, पण मोजायचे नवऱ्याच्या पगारपत्रकावरून! ते कोष्टक २०१८ साली बदलले गेले. ती दृष्टी मात्र अजून पुरती गेलेली नाही.

न्यायालयांनी या प्रश्नात बरेच अंतर कापले आहे, हे मान्य केले पाहिजे. जमशेदपूर येथे १९८९ साली समारंभात लागलेल्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० साली त्याच न्यायालयाने जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीने ‘काम न करणाऱ्या’ गटात टाकले जाते यावर कडक शब्दांत टीका केली. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीनुसार बिनमोलाच्या घरकामात सहभागी बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. भविष्यात वाढणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब गृहिणीलाही लावला पाहिजे, असे त्या निकालाने ठरवले. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने म्हटले की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीच्या मजुरीपेक्षा कमी धरता येणारच नाही. त्या प्रकरणातील अपघात २००६ चा होता. हा हिशेब मिळवायला घरच्यांना अठरा वर्षे लागली.

आकड्यांनी काय फरक पडतो ते पाहा. पस्तीस वर्षांची बाई, मागे चार अवलंबून. सध्याच्या पद्धतीप्रमाणे मासिक उत्पन्न गुणिले बारा, त्यात भविष्यासाठी ४० टक्के वाढ, तिच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा आणि वयाप्रमाणे सोळाने गुणाकार. मासिक उत्पन्न एक हजार रुपये कमी धरले, तर कुटुंबाचे २,०१,६०० रुपये जातात. वकिलांच्या युक्तिवादात हजार रुपये इकडे-तिकडे होणे ही पाच मिनिटांची गोष्ट असते.

आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणींना घरकामाला किंमत लावणे खटकते. ‘मायेला भाव लावायचा का? त्यातून बाईची जागा घरातच आहे हे पक्के होत नाही का?’ असे त्या विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण न्यायाधिकरणापुढे किंमत लागणारच असते. आपण लावली नाही तर विमा कंपनीचा वकील लावतो, आणि तो शून्यापासून सुरुवात करतो. शिवाय आपल्यापैकी बहुतेक जणी ‘नुसत्या’ गृहिणी नसतातच. शेतात राबणारी, दोन म्हशी सांभाळणारी, शिवणकाम करणारी बाई गेली की पोलिसांच्या कागदावर व्यवसाय लिहिला जातो ‘घरकाम’. ती नोंद लिहिणाऱ्याच्या हातूनच निम्मा खटला हरलेला असतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. अपघातानंतर लगेच त्या बाईच्या कमाईचे पुरावे गोळा करा. दूध डेअरीच्या पावत्या, बचत गटाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मजुरीची वही, सगळे चालते. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. तो गेला का, ते विचारा. त्याच तारखेपासून कायद्यात अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, ती धरूनच चला. अर्ज स्वतः राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो, अपघात झाला त्या जिल्ह्यात खेपा घालायची गरज नाही. ठोकर मारून पळालेली गाडी सापडली नाही तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात, त्याचा अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे असतो.

विधवेच्या बाबतीत अधिक जागरूक राहायला हवे. सासरचे लोक एकत्र अर्ज करतात, सही तिची घेतात आणि पैसे दिराच्या खात्यावर फिरतात. तिचा वाटा वेगळा लिहिला गेला पाहिजे आणि तिच्या एकटीच्या खात्यात जमा झाला पाहिजे, ही मागणी अर्जातच करा. तिने पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे. लग्न झालेली मुलगीही दावा करू शकते (सर्वोच्च न्यायालय, २००७). जावयाकडे राहणारी सासूसुद्धा करू शकते (२०२१).

पण नुसत्या माहितीवर थांबून चालणार नाही. आपल्या मागण्या तीन असाव्यात. दुचाकीच्या मागच्या सीटचा आणि मोटारीतल्या प्रवाशांचा समावेश सक्तीच्या विम्यातच व्हावा. त्याने हप्ता वाढेल हे उघड आहे, आणि तो वाढावा. ज्या जागेवर माणूस बसतो त्या जागेची जोखीम गाडीवाल्यानेच उचलली पाहिजे. दुसरे, मजुरांची ने-आण करणाऱ्या मालवाहू गाडीला त्यांच्यासाठी विमा सक्तीचा करावा आणि त्याचा हप्ता मजूर नेणाऱ्याने भरावा. तिसरे, गृहिणीच्या श्रमाचे किमान मोल कायद्याच्या नियमांत लिहून टाकावे. ते राज्यातल्या कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतके असावे आणि नवऱ्याच्या पगाराशी त्याचा संबंध नसावा. स्वयंपाक, आजारपण, मुलांचा अभ्यास, घराचा हिशेब हे सारे सांभाळणारी बाई अकुशल कशी?

हे नियमांत आले तर प्रत्येक घराला अठरा वर्षे भांडत बसावे लागणार नाही. तोवर पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या गाडीची पॉलिसी घेऊन यावी. सगळ्या मिळून ती मोठ्याने वाचावी, नाव कुणाचे, तारीख कोणती, मागच्या सीटचे काय, ते पाहावे. सुरुवात तिथून करता येईल.