स्वेटर हरवला, शिक्षा पोराला

धरणगावात डिसेंबर-जानेवारीतली सकाळ हुडहुडी भरवते आणि अकरा वाजले की ऊन अंगाला लागायला लागतं. नर्सरीतल्या पोरांचे स्वेटर हरवतात ते या दोन वेळांच्या मधे. आईने सकाळी डोक्यातून ओढून घातलेला स्वेटर मधल्या सुटीपर्यंत अंगातून निघतो. मग एकाच दुकानातले, एकाच रंगाचे, एकाच मापाचे स्वेटर बाकावर, खिडकीत, घसरगुंडीखाली पडून राहतात. शाळा सुटताना बाहेर रिक्षावाल्याचा हॉर्न चालू असतो. मावशी हाताला लागेल तो स्वेटर समोर येईल त्या पोराच्या दप्तरात कोंबतात. घरी दप्तर उघडलं की सुरू होतं, “तुना स्वेटर कथा टाकी उना रे?”

साडेतीन वर्षांचं पोर याला काय उत्तर देणार? काल आणि परवा यांतला फरकही त्याला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक वेळा त्याने काही टाकलेलंही नसतं, मोठ्यांच्या घाईत अदलाबदल झालेली असते. तरी घरी धपाटा त्यालाच बसतो आणि गणवेश अपुरा म्हणून दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतून बाजूलाही त्यालाच काढतात. सगळीकडे असं होत नाही, पण जिथे होतं तिथे ते ताबडतोब थांबलं पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करतं. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान असलेल्याला रांगेबाहेर उभं करायची मोकळीक आहे, असा अर्थ त्यातून कोणीही काढू नये.

गणवेशाची आपली चर्चा वाटपापाशीच संपते. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली, शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली. अनेक शाळांत कपडे उशिरा पोचले आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. या सगळ्या गदारोळाचा विषय होता पहिली ते आठवीची मुलं, ज्यांच्या दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपये धरलेले असतात. नर्सरी-केजीचं पोर त्या हिशोबात नाही. त्याचा हरवलेला स्वेटर घरच्याच पैशातून यायचा. तालुक्यात थंडीचे दिवस म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. पोराला चार अक्षरं इंग्रजी यावीत म्हणून फी भरणारी, किलोच्या भावाने वेचणीला जाणारी आई दुसरा स्वेटर कुठून आणणार? तिला “नवीन घ्या” सांगण्याआधी पहिला शोधला पाहिजे.

आणि कपड्यावर खूण असली तर तो सापडू शकतो. पूर्वी गावातल्या कितीतरी घरांचे कपडे एकाच परिटाकडे जात. तो कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसाने घराची खूण करायचा. चुना लागला की ती काळी, पक्की व्हायची आणि कितीही आपटलं तरी जायची नाही. बिब्बा कातडीवर उततो, म्हणून पोरांच्या कपड्याला तो नको, सुईदोरा पुरे. गळपट्टीच्या आतून, वेगळ्या रंगाच्या जाड दोऱ्याने नाव घालावं. पेनने लिहिलेलं दोन धुण्यांत जातं. पोराला वाचता येत नाही, म्हणून नावाशेजारी एखादं चित्र टाकावं, मासा, पतंग किंवा पिंपळपान. मॅडम नाव वाचतील, पोर आपला मासा ओळखेल. वाटी-पेल्यावरसुद्धा नाव घालून घेणारी घरं आपली, त्यांना हे जड नाही.

शाळेच्या वाट्याचं कामही फार नाही. प्रत्येक पोराला त्याच्या चित्राची एक खुंटी द्यावी. सापडलेल्या कपड्यांची पेटी ऑफिसात न ठेवता फाटकाशी ठेवावी, म्हणजे घ्यायला आलेल्या आजीलाही ती दिसेल. शनिवारी त्यातले कपडे ओट्यावर मांडावेत. चाळीस पोरांमागे एकच मॅडम असेल तर हे तिला एकटीला होणार नाही, ही तक्रार खरी आहे. सुटायच्या वेळची पंधरा मिनिटं आणखी एक मावशी देणं हे संस्थाचालकांचं काम आहे.

पोरांचे कपडे बघणं हे शिकवणाऱ्याचं काम नव्हे, असं मात्र कोणी म्हणू नये. शेजारच्या अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांचे कपडे स्वतः धुऊन घड्या करून ठेवत होते. १९४५ पासून बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यांवरच्या मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं, त्यात आंघोळ आणि वेणीफणी हा शिक्षणाचाच भाग होता. मॉन्टेसरीच्या साधनांत तर बटणं लावायच्या चौकटी पहिल्यापासून आहेत. स्वेटर काढणं, उलटलेली बाही सरळ करणं, घडी घालून आपल्या खुंटीला अडकवणं हे चार वर्षांच्या पोराला शिकवलं की येतं, आणि ते शिकवायची जागा नर्सरीच आहे.

येत्या पालकसभेत धरणगावच्या बालवर्गांनी हा विषय घ्यावा. तोवर एखादं पोर स्वेटरशिवाय आलं, तर आधी पेटीतला एखादा त्याच्या अंगात घालावा, रांगेत त्याच्या जागी उभं करावं आणि मग घरी निरोप धाडावा.