कुठे माशी शिंकली!

निघायच्या आधी मालवणला आजोबांना फोन केला. म्हटलं, मासे पकडायला हिमाचलला चाललेय.

"गळाक काय लावतलंस? गांडूळ?"

"नाही हो, माशी. तीही खोटी. हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली."

"आणि मासो खाऊचो नाय?"

"नाही, सोडून द्यायचा."

पलीकडे शांतता. मग, "मगे पकडतंस कित्याक?" आणि फोन आजीकडे.

तर मंडळी, हे प्रकरण म्हणजे फ्लाय फिशिंग. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा तीर्थन खोऱ्यात गेले, तेव्हा एका मासिकाने माझं मानधन चार महिने लटकवलं होतं आणि मला कुणाचा तरी गळा धरायचा होता. त्याऐवजी हातात रॉड आला. चंदीगडहून मनालीच्या बसने निघायचं, औटच्या बोगद्याआधी उतरायचं, तिथून बंजार, पुढे नागिनी आणि गुशैणी. शेजारून तीर्थन. पाणी इतकं गार की पाय घातल्यावर पहिला मिनिटभर आपण आयुष्यातल्या सगळ्या निर्णयांचा फेरविचार करतो.

इथला स्टार म्हणजे ब्राऊन ट्राउट. मूळचा युरोपातला. इंग्रज साहेबांनी 1909 मध्ये कुलूच्या नद्यांत आणून सोडला. साहेब गेला, मासा राहिला. इथल्या मूळच्या माशाला स्नो ट्राउट म्हणतात खरं, पण तो नावापुरताच ट्राउट, नात्याने कार्पच्या कुळातला. पाहुण्याचं कौतुक करताना या घरमालकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आता मुद्द्याचं. साध्या गरीत वजन गळाला असतं. इथे माशीला वजनच नाही, म्हणून वजन दोरीला. जाड, रंगीत दोरी हवेत मागे न्यायची, ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे टाकायची. ते थांबणंच जमत नाही. पहिल्या दिवशी माझी माशी तीनदा मागच्या झाडात, एकदा माझ्याच टोपीत. चुकून पाण्यात पडलीच, तर प्रवाह दोरीला ओढतो आणि माशी पाण्यावर रेघ मारत पळते. खरा किडा असा पळत नाही, हे ट्राउटला पक्कं ठाऊक असतं. शिवाय तो प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या आडोशाला, वेगाचं पाणी आणि संथ पाणी भेटतं तिथे उभा असतो. म्हणजे आपण खालच्या अंगाने, मागून जायचं. मी ऐटीत वरून गेले. गाइड शांतपणे म्हणाला, "मॅडम, मछली ने आपको देख लिया. अब चाय पीते हैं."

अडीच दिवसांत मासे शून्य. पण गुशैणीच्या अलीकडे एका वळणावर एक डोह सापडला. वर झुकलेलं झाड, मध्ये म्हशीएवढा दगड आणि त्यामागे एक सावली, जी दर संध्याकाळी माझ्या माशीपर्यंत यायची आणि परत जायची. पुण्यात परतल्यावर ट्रॅफिकमध्ये, डेडलाइनच्या रात्री मला तो डोह दिसायचा.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा गेले. (लायसन्स मत्स्य विभागाकडून घ्यावं लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रजननाचा काळ म्हणून बंदी असते, तेव्हा न्यू इयरला रॉड नेऊ नका.) वळण ओळखू आलं, डोह नाही. जुलै 2023 च्या पुरात झाड गेलं, दगड गेला, नुसता गोट्यांचा पसारा उरला. मी येड्यासारखी फोनमधला जुना फोटो समोर धरून उभी. गाइडचं स्वतःचं शेतही त्याच पाण्यात गेलं होतं, हे त्याने नंतर, सहज बोलावं तसं सांगितलं. माझ्या डोहाचं रडगाणं मी तिथेच गिळलं.

नदी मात्र वाहती आहे, हेही सहज घडलेलं नाही. शेजारच्या सैंज खोऱ्यात पार्वती-3 जलविद्युत प्रकल्प झाला, खाली लारजीला बियासवर धरण. तीर्थनवरही प्रकल्प येऊ घातले होते. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि गावकऱ्यांनी लढून ते थांबवले. ट्राउटला गार, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. बोगद्यातून वळवलेल्या नदीत तो काय करणार?

तिसऱ्या संध्याकाळी गाइडने मला वर नेलं. पुराने एका नव्या खडकामागे नवं संथ पाणी तयार केलं होतं. मागून गेले, गुडघ्यावर बसले. दोरी मागे. थांबले. खरंच थांबले. माशी पडली, चार हात वाहत आली, पाण्याला एक छोटी खळी पडली आणि रॉड वाकला. हात आधी ओले केले, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा आजारी पडतो. सोनेरी अंग, लाल ठिपके, भोवती फिकट कडी. हुकाला काटा नव्हता, लगेच सुटला. पाण्यात धरून ठेवला, शेपटी हलली आणि गेला. फोटो काढायचं राहूनच गेलं.

रात्री मालवणला फोन.

"गावलो?"

"हो!"

"केवढो?"

"वीतभर."

"मगे सोडलंस ता बरा केलंस."