आधी देशी औषध, मग केमो? हा उशीर महागात पडतो

गेवराई : घरात कुणाला कॅन्सर निघाला की आठ दिवसांत सल्ल्यांचा ढीग लागतो. कुणी कलौंजी सांगतं, कुणी काढा, कुणी लांबच्या हकीमसाहेबांचा पत्ता देतं. केमोची भीती असतेच. मग ठरतं, "आधी दोन महिने देशी औषध करून बघू." खरा धोका इथंच आहे.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात, फक्त पर्यायी औषध घेणाऱ्या २८१ रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट निघाला. दुसरा जास्त विचार करायला लावतो. दवाखान्याच्या इलाजासोबत पर्यायी औषध घेणाऱ्यांमध्येही धोका दुप्पट होता. कारण, त्यांच्यापैकी अनेकांनी ऑपरेशन, केमो किंवा शेक यातलं काहीतरी नाकारलं होतं. म्हणजे नुकसान केलं ते सुटलेल्या इलाजानं.

याचा अर्थ जुनी विद्या टाकाऊ, असा नाही. हकीम अजमल खान यांच्या प्रोत्साहनानं डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेतून औषधी द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला 'अजमलीन' नाव दिलं. सदाफुलीतून रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिनक्रिस्टीन मिळालं. चीनच्या हार्बिन शहरात डॉक्टरांनी जुन्या नुस्ख्यातलं आर्सेनिक तपासलं; आज एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते जगभर वापरतात. पण मोजून, इंजेक्शननं, डॉक्टरांच्या नजरेखाली. तेच आर्सेनिक अंदाजानं पोटात गेलं तर जहर आहे.

म्हणून पारा, शिसं असलेले कुश्ते केमो चालू असताना घेऊ नयेत. काही जडीबुटी लिव्हरवर ताण आणतात, केमोचा असर कमी-जास्त करतात. कलौंजीवर आपली श्रद्धा आहे, पण तिनं माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. घरी काय घेता ते डॉक्टरांना न लाजता सांगा; पुडी, बाटली सोबत न्या. डॉक्टरांनीही रागवू नये, नाहीतर लोक लपवतात.

गेवराईकरांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय फार दूर नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. गुटखा, तंबाखू, मिश्री खाणाऱ्याच्या तोंडात तीन आठवड्यांवर जखम राहिली, किंवा अम्मीच्या, बहिणीच्या छातीत गाठ लागली, तर थांबू नका.

दुआ करूच. पण इलाज करणं हीसुद्धा सुन्नतच आहे, आणि तो वेळेवर व्हायला हवा.